पंचनाम्याची मागची बाजू

बी.ए.च्या मुलांना कांट शिकवताना दरवर्षी एक तास वाया जातो, आणि मी तो मुद्दाम वाया जाऊ देतो. त्याला आमच्या कॉलेजात ‘खुन्याचा तास’ असंच नाव पडलंय. इमॅन्युएल कांटने १७९७ मध्ये बेंजामिन कॉन्स्टंट या लेखकाला उत्तर म्हणून एक छोटा लेख लिहिला होता. त्यातला प्रसंग असा : मित्र जीव वाचवायला तुमच्या घरात लपलाय. मागोमाग खुनी येतो, दारात उभा राहून विचारतो, तो आत आहे का? इथे तरी खोटं बोलायची मुभा आहे की नाही? कांट म्हणतो, नाही. खरं बोलणं हे सगळ्यांशी, सगळ्या काळी बांधलेलं कर्तव्य. दारात खुनी उभा आहे म्हणून ते सुटत नाही. शिवाय तुम्ही ‘तो बाहेर गेला’ असं खोटं सांगितलंत, आणि मित्र तुमच्या नकळत खरोखरच मागच्या दाराने निसटून त्याच रस्त्यावर खुन्याच्या हाती लागला, तर त्या मरणाचा दोष तुमच्या माथी येऊ शकतो. खरं बोलला असतात तर निदान तुमचे हात तरी स्वच्छ राहिले असते.

इथवर आलं की वर्गात गलका होतो. बहुतेक पोरांचं म्हणणं एकच, असा माणूस दोस्त म्हणून कामाचा नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र एसटीने येणारी एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘पन सर, तो खुनी कोनाचा कोन हाय, हे तं आपल्याले आधीच माईत राह्यते ना. गावात असा अनोळखी खुनी येनार कुठून?’’

वर्ग हसला. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू गेलं होतं.

तिने नेमकी जागा दाखवली होती. कांटच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला नाव नाही, गाव नाही. तो ‘खुनी’ आहे हे आपल्याला आधीच छापून मिळालंय. पेच सुरू होण्याआधीच सगळी नावं ठरलेली : हा खुनी, हा मित्र, हे खोटं. आमच्याकडे दारात जो येतो तो तसा चिठ्ठी लावून येत नाही. तो तलाठी असतो, वसुलीला आलेला, पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचा माणूस असतो, कधी सख्खा चुलतभाऊ असतो. तो कोण आहे आणि काय विचारतोय, हे समजून घेण्यातच अर्धं आयुष्य जातं.

सार्वत्रिक नैतिक नियमांवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप म्हणजे, त्यांना अपवाद करावे लागतात. मला तो आक्षेप फारसा जड वाटत नाही. अपवाद लागले तर लिहून घ्या. कायद्याच्या पुस्तकात नाही का परंतुकं असतात. डब्ल्यू. डी. रॉस या स्कॉटिश विचारवंताने १९३० मध्ये हेच केलं. कर्तव्यं अनेक आहेत, एकमेकांना आडवी येतात, तेव्हा त्यातलं जड कोणतं ते प्रसंग बघून ठरवा, असं त्याने सुचवलं. माझा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. नियम लावण्याअगोदर समोरच्या गोष्टीला कोणीतरी एक नाव देऊन टाकलेलं असतं. हे खोटं, ही थकबाकी, हा अपघात, हा सूड. ते नाव नियम देत नाही, माणूस देतो. आणि नाव देऊन झाल्यावर तो नियमाच्या मागे जाऊन उभा राहतो, म्हणतो, मी काय केलं, नियमच तसा आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं.

२००९ चं साल. पाऊस उशिरा आला, मग आला तेव्हा दडी मारून बसला. आमच्या गावात निम्म्या लोकांची पेरणी दुबार झाली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याच्या वर गेलीच नाही. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका कास्तकाराने जीव दिला. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, शाळेत माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होता. पंचनाम्याला पंच हवे होते. शिकलेला, सरकारी पगार नसला तरी पगारदार, कोणाच्या भांडणात नसलेला माणूस म्हणून मला बोलावलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २००६ च्या जानेवारीतल्या शासन निर्णयाप्रमाणे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. निकष विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत : नापिकी, कर्ज, तगादा. यातलं कर्ज म्हणजे कोणतंही कर्ज नव्हे. ते बँकेचं असावं, सोसायटीचं असावं, मान्यताप्राप्त संस्थेचं असावं, नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं असावं.

या माणसाच्या सातबाऱ्यावर तीन चुलत्यांची नावं होती. वाटण्या कागदावर झालेल्या नव्हत्या, म्हणून सोसायटीने त्याला कधी दारात उभं केलं नाही. बियाणं-खत तो कृषी केंद्रातून उधारीवर उचलायचा, आणि मजुरीला, लेकीच्या आजारपणाला गावातल्याच एकाकडून व्याजाने पैसे घ्यायचा. शेकडा पाच, महिन्याला. परवाना वगैरे काही नाही. पैसे देणारा आमच्यासोबतच भजनाला बसायचा.

तलाठ्याने विचारलं, ‘‘कर्ज होतं?’’ मी म्हटलं, होतं. ‘‘कुणाचं?’’

मी खरं ते सांगितलं.

त्याने लिहायला टेकवलेलं पेन उचललं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, ‘‘सर, नीट आठवून सांगा. घाई नाही.’’ मला वाटलं, याला ऐकू आलं नाही. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. तेव्हा कुठे त्याने लिहिलं.

तालुक्याला परवाना असलेले सावकार होते. त्यातला एक जण मेलेल्या माणसाच्या ओळखीचा होता, आणि ‘माझेही काही येणं आहे’ असा कागद द्यायला तयार होता, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तलाठ्याला ते त्या दिवशीच ठाऊक होतं. घाई नाही, असं तो म्हणाला त्याचा अर्थ तेवढाच होता. प्रकरण अपात्र ठरलं. पुढे पोळ्याला मेलेल्याच्या बायकोला भेटलो, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, ती म्हणाली, ‘‘तुमी खोटं बोलनार नाई, हे मले माईत होतं, भाऊजी.’’ ती कौतुकाने म्हणाली की कशाने, ते मला अजून उलगडलेलं नाही.

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाचा एक तपस्वी आहे. नद्यांच्या संगमाजवळ राहतो, नेहमी खरं बोलायचं व्रत घेतलेला. दरोडेखोरांना भिऊन काही माणसं त्याच्या जवळच्या रानात लपली. दरोडेखोर येऊन विचारते झाले, माणसं कुठे गेली? याने दाखवलं. माणसं मारली गेली. आणि कौशिक नरकात गेला, असं कृष्ण सांगतो, कारण धर्माची बारीक गत त्याला कळली नव्हती. कांटच्या किती तरी शतकं आधी हाच दरवाजा, हाच प्रश्न, निकाल मात्र उलटा.

ही गोष्ट भाषणांत पुष्कळदा येते, पण कृष्ण ती कधी सांगतो हे सहसा कोणी सांगत नाही. खरी गंमत तिथे आहे. युधिष्ठिर युद्धातून जखमी होऊन परतलाय, कर्ण अजून मेलेला नाही, म्हणून तो अर्जुनावर भडकतो नि म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. अर्जुनाची प्रतिज्ञा अशी की असं जो म्हणेल त्याचं मस्तक उडवायचं. तो तलवार काढतो. थोरल्या भावावर! कृष्ण त्याला प्रतिज्ञा मोड असं म्हणत नाही. तो म्हणतो, वडीलधाऱ्याला एकेरीत ‘तू’ म्हटलंस की तो मेल्यातच जमा. अर्जुन मग युधिष्ठिराला तोंडाला येईल ते अरे-तुरे बोलून घेतो. प्रतिज्ञा पुरी. तेवढ्यावर ते संपत नाही. भावाचा अपमान केला म्हणून अर्जुन स्वतःला संपवायला निघतो, तर कृष्ण म्हणतो, स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, तेच मरण. वऱ्हाडात ज्याने सासऱ्याला चुकून एकेरी हाक मारलेली पाहिलीय, त्याला यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

इथे नियमाला अपवाद केलेला नाही. नियम जागच्या जागी आहे, ‘वध’ या शब्दाखाली काय धरायचं ते तेवढं बदललं. कृष्णाने फसवणूक केली असं कोणी म्हणू शकेल. मी तर म्हणतो की प्रत्येक नियम लावताना हेच होतं, फक्त तिथे ते उघड्यावर झालं, आणि करणारा कोण हे सगळ्यांना दिसलं.

एलिझाबेथ अँस्कम या ब्रिटिश तत्त्ववेत्तीने १९५८ मध्ये कांटच्या कसोटीवर नेमकं हेच बोट ठेवलं होतं. कांट म्हणतो, तू ज्या तत्त्वाने वागतोस ते सगळ्या जगाचा नियम व्हावं असं तुला म्हणता येतं का, ते तपास. अँस्कम विचारते, तपासायचं ते कोणत्या वर्णनाने? कृतीचं कोणतं वर्णन लागू धरायचं हे आधी ठरल्याशिवाय ही कसोटी निरुपयोगी आहे. तलाठ्यासमोर मी जे केलं ते ‘खरं बोलणं’ होतं. ते ‘शेजारणीच्या तोंडचा घास काढणं’ही होतं. पहिलं वर्णन घेतलं तर जगाचा नियम व्हायला हरकत नाही. दुसरं घेतलं तर कोण हो म्हणेल? यातलं कोणतं घ्यायचं हे सांगणारा नियम कांटकडे नाही. आणि असा नियम केला तरी तो कधी लावायचा, यासाठी आणखी एक नियम लागेल. गंमत म्हणजे हे कांटला पक्कं ठाऊक होतं. १७८१ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात त्यानेच लिहिलंय की प्रसंगाला नियम जुळवण्याची अक्कल नियमांनी शिकवता येत नाही, ती सरावाने येते, आणि ती नसणं यालाच मूर्खपणा म्हणतात. नीतीवर लिहायला बसला तेव्हा त्याने ही गोष्ट जरा बाजूला ठेवली, एवढंच.

कांटच्या १७८५ च्या पुस्तकात आणखी एक उदाहरण आहे, आणि ते थेट आमच्या वावरातलं आहे. एका माणसाला पैशांची नड आहे. परतफेड जमणार नाही हे त्याला माहीत आहे. तरी तो ‘अमुक दिवशी फेडतो’ असं वचन देऊन कर्ज घेतो. कांट म्हणतो, सगळेच असं करू लागले तर वचनाला अर्थच उरणार नाही, कोणी कोणावर विश्वास ठेवणार नाही, कर्ज ही गोष्टच बुडेल.

आता आमच्याकडे मार्च महिन्यात या. सोसायटीचं पीककर्ज एकतीस मार्चच्या आत भरायचं असतं. वेळेत भरणाऱ्याला व्याजात सवलत आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने तशी योजनाच आहे. पण मार्चला कास्तकाराच्या हातात पैसा असतोच असं नाही. कापूस गेला, त्याचा पैसा लग्नाला नाहीतर दवाखान्याला गेला. मग तो चार-आठ दिवसांसाठी खासगीत पैसे उचलतो, सोसायटीत भरतो, नवं कर्ज मंजूर करून घेतो, आणि त्यातून खासगीवाल्याचं देणं व्याजासकट चुकवतो. याला आम्ही नवं-जुनं करणं म्हणतो. गटसचिवाला हे माहीत आहे. बँकेच्या साहेबाला माहीत आहे. ज्याचे पैसे चार दिवस फिरतात त्याला तर माहीत आहेच. कागदावर सगळे ‘वेळेवर फेडणारे’.

हे खोटं वचन आहे का? असेल तर कांटचं भाकीत चुकलं, कारण इथे ते जवळजवळ सगळेच करतात आणि व्यवस्था कोसळत नाही. उलट त्याच्याच टेकूवर उभी आहे. कोणी म्हणेल, दोन्ही बाजूंना ठाऊक आहे तर ते खोटं नव्हेच, ती रीत झाली. हेही मान्य. पण मग निकाल कसोटीने लावला नाही, ‘खोटं’ हे नाव लावायचं की ‘रीत’ हे लावायचं, यावर तो लागला. आणि हे नाव ठरवण्याचा हक्क कोणाला? मोठ्या उद्योगाचं कर्ज असंच फिरवलं तर त्याला ‘पुनर्रचना’ म्हणतात. आमच्याकडे ते फिरवता आलं नाही की ‘बुडव्या’.

कोणी म्हणेल हा शब्दांचा खेळ आहे. तर मग शब्द सोडून आकडा घेऊ. २००८ ची केंद्राची कर्जमाफी. नियम स्वच्छ, सगळ्या देशाला एक : दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला पूर्ण माफी, त्याच्या वरच्याने पंचाहत्तर टक्के भरले तर पंचवीस टक्के सूट. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. उसाच्या, बारमाही पाण्याच्या मुलखात चार एकरवाला बरा खातापिता असू शकतो. आमच्याकडे सात एकर कोरडवाहू, हलकी जमीन असलेला माणूस पावसाने डोळे वटारले की दुसऱ्याच्या कामावर रोजीने जातो. नियमाच्या हिशेबात चार एकरवाला ‘लहान’ आणि सात एकरवाला ‘मोठा’. यात कोणी लबाडी केली नव्हती. उलट नियम प्रामाणिक होता, सगळ्यांना एका मापाने मोजत होता. चूक त्या मापात होती, आणि ते माप ‘लहान शेतकरी’ या निरुपद्रवी शब्दात आधीच दडवून ठेवलेलं होतं. ओरड झाली तशी अवर्षणप्रवण आणि संकटातल्या जिल्ह्यांतल्या ‘मोठ्यां’ना सूट निदान वीस हजारांची तरी मिळावी, अशी पुरवणी जोडली गेली. ठिगळ लागलं, माप तेच राहिलं.

सार्वत्रिक नियमांचा दुसरा एक प्रकार आहे, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं. त्याबद्दल इथे फार लिहीत नाही. एवढंच म्हणेन की ज्यांना या बेरजेवर विश्वास आहे त्यांनी पवनीजवळ वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण पाहून यावं. १९८८ मध्ये कोनशिला बसली, सुरुवातीचा अंदाज तीनशे बहात्तर कोटींचा होता, तो पुढे हजारो कोटींत गेला. ज्यांची गावं बुडाली त्यांची वजाबाकी लगेच झाली, ज्यांच्या वावरात पाणी यायचं त्यांची बेरीज पिढीभर चालूच होती.

वाघिणीचं मात्र सांगितलं पाहिजे. २०१८ च्या २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगावच्या जंगलपट्ट्यात एक वाघीण गोळी घालून मारली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. वनखात्याच्या कागदावर ती ‘टी-१’. शहरांतल्या निषेधाच्या फलकांवर ती ‘अवनी’, दोन बछड्यांची आई. मारू नये, हा नियम दोन्ही बाजूंना मान्य होता. एका बाजूला तो माणसांना लावायचा होता, दुसरीला जनावरालाही. त्या पट्ट्यात सोयाबीन सोंगायला जाताना बायका घोळक्याने जात, मागे-पुढे गडीमाणूस ठेवून. त्यांना तत्त्वाचा प्रश्न पडला नव्हता असं समजू नका, त्यांनाही वाघ नको असं नव्हतं. पण त्यांनी तिला कोणतं नाव दिलं होतं, हे विचारायला फलकवाले आले नाहीत. गांधीजींनी १९२८ मध्ये साबरमतीला वेदनेने तळमळणाऱ्या एका वासराला सुई टोचून मरण देववलं, तेव्हा अहिंसेच्या नावानेच त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला होता. त्यांनी अहिंसा सोडली असं ते म्हणाले नाहीत. हीच इथे अहिंसा, असं म्हणाले, आणि ते आपल्या सहीनिशी छापलं. मला त्यातली सही महत्त्वाची वाटते.

आता माझ्यावर उलटणारी गोष्ट. कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात ती आतापर्यंत आलीच असेल.

नियम नकोत, प्रसंग पाहून ठरवा, गावाला आपलं कळतं, असं म्हणणारा माणूस शेवटी कुठे पोचतो? २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चार जणांची हत्या झाली. गावातल्याच लोकांनी केली. ‘गावाला कळतं’ हे वाक्य त्या दिवसानंतर मला सरळ उच्चारता येत नाही. गावाच्या शहाणपणाच्या पोटात काय काय असतं, हे ज्यांच्या वाट्याला ते आलं त्यांना विचारावं. विहिरीवर कोणी पाणी भरायचं, वरात कोणत्या रस्त्याने न्यायची, हे सगळं गाव ‘प्रसंग पाहून’च ठरवत होतं. त्यावर एक माणूस म्हणजे एक माणूस असं म्हणणारा, गाव-जात न पाहणारा नियमच लागतो. त्याच्याशिवाय मी एक पाऊलही टाकायला तयार नाही.

पण खैरलांजीतच पुढचं पाहा. नियम होता. अत्याचार प्रतिबंधक कायदा देशभर एकच होता. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आणि पुढे २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही आरोपींना दोषी धरलं, पण हा कायदा लावला नाही. जातीतून झालेलं कृत्य नव्हे, सूडातून झालेलं. पुन्हा नावच. कायदा कमजोर नव्हता, कायद्याच्या दारात प्रकरणाला जे नाव मिळालं त्याने तो दारातच थांबला. म्हणून जे म्हणतात की सार्वत्रिक नियमच दुबळ्याला वाचवतो, त्यांना मी एवढंच म्हणतो : खरंय, पण तो वाचवतो की नाही हे त्याच्या शब्दांत लिहिलेलं नसतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी हा फरक १९३६ मध्येच करून ठेवलाय. लाहोरच्या सभेसाठी लिहिलेल्या आणि कधीच न झालेल्या त्या भाषणात ते नियम आणि तत्त्व वेगळे करतात. नियम सांगतो, असं कर. तत्त्व सांगतं, यावरून तोलून पाहा. नियमाप्रमाणे वागलेल्याला जबाबदारी राहत नाही, ती वर कुठेतरी नियमाकडे जाते. तत्त्वाप्रमाणे वागलेला चुकू शकतो, पण चूक त्याची असते. धर्म नियमांचा झाला की जबाबदारी मरते, असं त्यांचं म्हणणं. नागपूरला दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक जातात. त्यातल्या किती जणांनी हे पान वाचलं असेल कोण जाणे, पण विदर्भात नीतीवर यापेक्षा कामाचं वाक्य मला सापडलेलं नाही.

आणि एक जुनी गोष्ट, आमच्याच मातीतली. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, महानुभावांची काशी. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय. चक्रधर स्वामींची वचनं त्यांच्या अनुयायांनी ‘सूत्रपाठा’त जमवली. छोटी, धारदार वाक्यं, नियमच म्हणा. पण तेवढ्यावर न थांबता केसोबासांनी ‘दृष्टांतपाठ’ रचला. त्याची बांधणी तीन पायऱ्यांची आहे. आधी सूत्र. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आंधळे हत्ती पाहायला जातात ती प्रसिद्ध गोष्ट त्यातलीच. आणि तिसरा दार्ष्टांतिक : ही गोष्ट या सूत्राला कुठे लागते, कशी लागते, ते उलगडून सांगणं. सूत्र पाठ करणारे सगळीकडे सापडतात. गोष्टी सांगणारेही कमी नाहीत. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसांना तिसरी पायरी वेगळी लिहावीशी वाटली, तिला वेगळं नाव द्यावंसं वाटलं. आमच्या शासन निर्णयांत आणि नीतीच्या पुस्तकांत नेमकी हीच पायरी गहाळ असते. सूत्र असतं, प्रकरण असतं, मधलं कोणी लिहीत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा गावाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’मुळे. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने, हा त्यांचा नियम पाहुणे वहीत टिपून नेतात. मला त्यांचा अभ्यासगट जास्त महत्त्वाचा वाटतो. ठरवायच्या आधी बसायचं, आणि मुळात गोष्ट काय आहे ते समजून घ्यायचं. कळलं नाही तर निर्णय पुढे ढकलायचा. सहमतीचा नियम दुसऱ्या गावाने उचलला आणि अभ्यासगट सोडला तर काय होईल? दांडग्याच्या घरी ठरलेल्या गोष्टीला सगळे माना डोलावतील.

म्हणून माझी मागणी नियम काढून टाकायची नाही. पात्र-अपात्रचे निकष राहू द्या. पण अपात्र हा एक शब्द लिहून कोणाला सुटता येऊ नये. कोणाचं कर्ज, ते कर्ज का धरलं नाही, बँकेने त्याला उभं का केलं नव्हतं, हे सगळं सरळ मराठीत, अर्धं पान का होईना, लिहिलं जावं. ज्याने ठरवलं त्याचं नाव खाली असावं. आणि तो कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. परवाना नसलेल्या सावकाराकडून घेतलेलं कर्ज हे कर्ज नव्हे, असं एखाद्या अधिकाऱ्याला मेलेल्या माणसाच्या शेजाऱ्यांसमोर उभं राहून म्हणायचं असेल, तर म्हणू द्या. किती जण म्हणतात ते बघू.

गेल्या हिवाळ्यात मला पुन्हा पंच म्हणून बोलावलं. गाव दुसरं, तलाठी नवीन, एक चुणचुणीत मुलगी, माझ्याच कॉलेजात शिकलेली निघाली. प्रकरण तसंच. मक्त्याने केलेली शेती, कागद नाही, कर्ज खासगी. तिने विचारलं, कर्ज कुणाचं? मी यावेळीही खोटं बोललो नाही. पण थांबलोही नाही. किती घेतलं, शेकडा किती, पहिली पेरणी कधी मोडली, बँकेत तो किती वेळा गेला नि कोणत्या कागदाअभावी परत आला, मक्ता किती ठरला होता, मालकाने कागद का करून दिला नाही, जेवढं मला आणि तिथे बसलेल्यांना माहीत होतं तेवढं सगळं सांगत गेलो. मेलेल्याचा म्हातारा बाप मधे मधे दुरुस्त करत होता, ‘‘नाई जी, ते आखाडीच्या आधीच झालं.’’

तिने रकाना भरला. मग पेन थांबवून कागद उलटा-सुलटा केला.

‘‘सर, इथं जागा संपली. मागच्या बाजूने लिहू?’’

‘‘लिही,’’ मी म्हटलं. ‘‘आणि पान पुरलं नाही तर दुसरं जोड. सही मी दोन्हीवर करतो.’’

ते प्रकरण अजून वर गेलेलं आहे, निकाल आलेला नाही.